शिफ्ट माझ्याकडे, बाण दादाकडे

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात सभासदांच्या छंदांवर झालेल्या कार्यक्रमातील भाषण, थोडे संपादित करून.)



माझ्या आधी काकूंनी गच्चीवरच्या बागेबद्दल इतकं सुंदर सांगितलं की मला आता थोडं संकोचल्यासारखं झालंय. त्यांच्या छंदातून सगळ्यांच्या घरी कढीपत्ता जातो. माझ्या छंदातून कोणाच्या घरी काहीच जात नाही. सचिवांनी विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’. ते म्हणाले, ‘वा! इराणला कधी जाऊन आलात?’ मी म्हटलं, साहेब, गेलो होतो, पण तिसऱ्या मजल्यावरूनच. आणि पंचवीस वर्षं झाली तरी पोचलो नव्हतो.

तर हा एक कॉम्प्युटर गेम आहे. जुना. आणि तो आजच्या कॉम्प्युटरवर पुन्हा खेळताना काय काय झालं, ते मी सांगणार आहे.

सुरुवात आपल्या सोसायटीपासूनच करावी लागेल. १९९९ साली आपल्याला ताबा मिळाला. ज्यांना आठवत असेल ते आठवा, तेव्हा लिफ्टचा खड्डा होता, लिफ्ट नव्हती. पाणी टँकरचं. गेटच्या जागी दोन ड्रम आणि एक बांबू. त्याच वर्षी सगळीकडे वाय-टू-केची घबराट होती. १ जानेवारी २००० उजाडला की जुने कॉम्प्युटर तारखेत गोंधळतील, या भीतीने कितीतरी ऑफिसांनी जुनी यंत्रं काढून टाकली. बाबांच्या ऑफिसमधूनही निघाली. त्यातलं एक ४८६ बाबांनी विकत घेतलं. चौदा इंची मॉनिटर, आणि पुढे ‘टर्बो’ लिहिलेलं एक बटण.

तो मॉनिटर टेम्पोतून उतरला तेव्हा बाबा एकटेच होते. आत्ता दुसऱ्या रांगेत बसलेले काका आणि त्यांच्या शेजारचे भाऊ, दोघं कामावरून येत होते. आमची धड ओळखही नव्हती. त्यांनी डबे खाली ठेवले आणि मॉनिटर तिसऱ्या मजल्यापर्यंत उचलून आणला. काकांनी वर आल्यावर विचारलं, ‘टीव्ही एवढा जड?’ ती आमची सोसायटीतली पहिली ओळख.

आता गेमबद्दल. दादा तेव्हा डिप्लोमाला होता, मी आठवीत. दादाने मित्राकडून फ्लॉपी आणली. खरं बोलायचं तर ती नक्कल होती. तेव्हा आमच्या ओळखीत विकत घेतलेला गेम कोणाकडेच नव्हता, आणि हे बरोबर आहे की चूक, असा प्रश्नही कोणाला पडत नव्हता. पडायला हवा होता. पण त्याची शिक्षा गेमनेच आम्हाला दिली. पहिली लेव्हल संपली की एक खोली यायची. जमिनीवर बाटल्या, प्रत्येक बाटलीवर एक अक्षर. गेम सांगायचा की माहितीपुस्तिकेच्या अमुक पानावर, अमुक ओळीत, अमुक शब्दाचं पहिलं अक्षर बघा आणि ती बाटली प्या. ज्याने पैसे देऊन गेम घेतला त्याच्याकडे पुस्तिका. आमच्याकडे नुसती फ्लॉपी. मग आम्ही अंदाजाने प्यायचो. तुक्का लागला तर पुढे, नाहीतर राजपुत्राचा जीव कमी.

गोष्ट साधी. सुलतान लढाईवर गेलाय. जाफर नावाच्या वजिराने राज्य बळकावलंय आणि राजकन्येला सांगितलंय, माझ्याशी लग्न कर नाहीतर मरायला तयार हो. विचार करायला एक तास. तिच्यासमोर वाळूचं घड्याळ उलटं केलंय. तिचा प्रियकर तळघरात कैद. त्याने एका तासात वर यायचं. एक तास म्हणजे आपला, भिंतीवरच्या घड्याळातला एक तास. बारा लेव्हल, साठ मिनिटं. राजपुत्र मेला तर लेव्हल पहिल्यापासून, पण घड्याळ मागे येत नाही. वाटेत जमिनीतून वर येणारे सुळे, वरखाली आपटणारी कात्रीसारखी पाती, पाय ठेवला की कोसळणाऱ्या फरश्या आणि तलवारीवाले पहारेकरी. आवाज फक्त कॉम्प्युटरच्या पोटातल्या छोट्या स्पीकरचा. तो बंद करायची कळ आम्हाला खूप उशिरा कळली. आई स्वयंपाकघरातून नुसत्या आवाजावरून ओळखायची. ‘मेला का रे पुन्हा?’

आम्ही दोघं होतो आणि कीबोर्ड एक. मग वाटणी झाली. दादाकडे बाणांच्या चार कळा, माझ्याकडे शिफ्ट. ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी सांगतो. बाणांनी राजपुत्र धावतो, उडी मारतो, चढतो. शिफ्टने तो पकडतो. उडी मारली आणि समोरच्या कड्याला हात पोचला, की त्या क्षणी शिफ्ट दाबलेली पाहिजे, नाहीतर खाली. शिफ्ट धरून बाण दाबला की एकेक पाऊल जपून टाकतो. तलवार उचलायची शिफ्टने, बाटली प्यायची शिफ्टने, लढाईत वार करायचा शिफ्टने. म्हणजे दादा राजपुत्राचे पाय आणि मी हात. राजपुत्र पडला की भांडण ठरलेलं. ‘तू उशिरा दाबलंस.’ ‘तू लवकर उडी मारलीस.’ बी विंगची सहा-सात पोरं मागे उभी राहून पंचगिरी करायची. त्यातला एकजण आज आपल्या समितीत आहे, आणि मला आनंद आहे की त्याचे निर्णय आता सुधारले आहेत.

आम्ही तो गेम कधीच पूर्ण केला नाही. मे २००० मध्ये आम्ही शेवटच्या, म्हणजे बाराव्या लेव्हलला पोचलो. नऊ मिनिटं शिल्लक होती. दादाने खेळ तिथे सेव्ह केला. त्या लेव्हलमध्ये एक सावली येते. हुबेहूब राजपुत्रासारखी. चौथ्या लेव्हलमध्ये राजपुत्र आरशातून उडी मारतो तेव्हा ती बाहेर पडलेली असते आणि पुढे वाटेत त्रास देत राहते. शेवटी ती तलवार काढून समोर उभी राहते. आम्ही तिला मारायचो आणि आम्हीच मरायचो. किती वेळा, मोजदाद नाही. जूनमध्ये दादाला पुण्याला नोकरी लागली आणि तो गेला. एकटा मी काय खेळणार? मला फक्त शिफ्ट येत होती.

आता थोडं हा गेम कसा झाला त्याबद्दल. हे सगळं मला खूप नंतर, वाचून कळलं. जॉर्डन मेकनर नावाच्या अमेरिकन तरुणाने तो केला. १९८५ ते १९८९, चार वर्षं, एकट्याने, ॲपल टू नावाच्या कॉम्प्युटरवर. त्याला राजपुत्र खऱ्या माणसासारखा हलायला हवा होता. मग त्याने काय केलं? धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून एका वाहनतळावर पळायला आणि उड्या मारायला लावलं आणि व्हिडिओ कॅमेऱ्याने चित्रण केलं. मग एकेक चित्र थांबवून, त्याच्यावरून गिरवून कॉम्प्युटरमध्ये घातलं. तलवारबाजी घेतली ती १९३८ सालच्या रॉबिन हुडवरच्या सिनेमातून. संगीत त्याच्या वडिलांनी दिलं, फ्रान्सिस मेकनर यांनी. ते पेशाने मानसशास्त्रज्ञ. म्हणजे घरचंच सगळं. बघा, आपण ज्याला राजपुत्र म्हणत होतो, तो कोणाचा तरी धाकटा भाऊ होता. मी आयुष्यभर एका धाकट्या भावाचे हात सांभाळत होतो आणि मला पत्ता नव्हता.

आणि ती सावली. तिची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. त्या कॉम्प्युटरची मेमरी १२८ किलोबाइट. आपल्या ग्रुपवर रोज सकाळी फुलांचं ‘शुभ सकाळ’ येतं ना, ते एक चित्र बहुधा याच्याहून मोठं असतं. राजपुत्राच्या हालचालींनी सगळी जागा खाल्ली होती. नवीन शत्रू काढायला जागाच नव्हती. तेव्हा मेकनरने राजपुत्राचीच चित्रं घेतली, ती त्यांच्यावरच जरा सरकवून ठेवून वेगळी दिसतील अशी केली, आणि झाला शत्रू तयार. जागा नव्हती म्हणून राजपुत्राला स्वतःशीच लढावं लागलं. आमच्या आजीच्या भाषेत, कोंड्याचा मांडा.

आता आजच्या काळात येऊ. मागच्या वर्षी दिवाळीनंतर, रात्री अडीचच्या सुमारास, दादाला पक्षाघाताचा झटका आला. वय त्रेचाळीस. दादा २०११ पासून पुन्हा इथेच, आमच्या जुन्या घरात राहतो, मी सी विंगमध्ये. वहिनीचा फोन आला तेव्हा मी धावत गेलो. लिफ्ट नेमकी त्या आठवड्यात दुरुस्तीला उघडलेली. मी जिन्यात पोचेपर्यंत शेजारची माणसं दादाला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खाली आणत होती. पुढे समितीतला तो आमचा जुना पंच. मागे काकांचा मुलगा. आणि त्यांच्यापुढे दोन पायऱ्या, पंचाहत्तरीचे काका स्वतः, हातात बॅटरी. ‘डावीकडे, सावकाश, पायरी आहे.’ त्याच जिन्यातून ते एकदा आमचा मॉनिटर वर घेऊन आले होते. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. ते वेळेत आणणारे लोक आत्ता या हॉलमध्ये बसले आहेत. आभार मानायची ही जागा आहे की नाही मला माहीत नाही, पण मला ते इथेच मानायचे होते.

दादाची वाचा महिन्याभरात बरीच सुधारली. उजवा पाय काठीने चालायला लागला. उजवा हात मात्र मागे राहिला. फिजिओथेरपीच्या ताई रोज यायच्या. स्पंजचा चेंडू दाबायचा, सोडायचा, दाबायचा, सोडायचा. दादाला त्या चेंडूचा मनस्वी राग. त्याहून राग त्या हाताचा. तो हाताला ‘हा’ म्हणायला लागला. ‘हा ऐकत नाही.’ ‘याला बाजूला ठेव.’ जेवताना डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर टाकायचा, कोणा परक्याचा असल्यासारखा. वहिनी उठून आत जायची.

एके दिवशी मी माळ्यावरून काही कागद काढत होतो तेव्हा एक डबा सापडला. त्यात ती फ्लॉपी, आणि एक सीडी. २००३ साली ४८६ भंगारात देण्याआधी दादाने त्याची सगळी हार्ड डिस्क सीडीवर उतरवून ठेवली होती. मी यूएसबीवर चालणारा फ्लॉपी ड्राइव्ह आणला. फ्लॉपीला बुरशी. आपल्याकडचा पावसाळा फ्लॉपीला मानवत नाही. सीडी मात्र तिसऱ्या प्रयत्नात वाचली गेली. त्यात ‘प्रिन्स’ नावाचा फोल्डर होता. आणि त्या फोल्डरमध्ये सेव्ह केलेल्या खेळाची फाइल. तारीख, मे २०००.

मला नंतर कळलं की मेकनरचंही असंच झालं होतं. गेमचा मूळ प्रोग्रॅम, म्हणजे त्याने स्वतः लिहिलेला कोड, हरवला असंच तो धरून चालला होता. २०१२ साली वडिलांना घरातल्या एका खोक्यात जुन्या फ्लॉपी सापडल्या. वीस वर्षांहून जुन्या फ्लॉपी, चुंबकीय अक्षरं पुसट होत जातात. जाणकारांनी जुनी यंत्रं जोडून त्या काळजीपूर्वक वाचल्या, आणि त्याने तो कोड सगळ्यांना बघायला खुला केला. तेव्हा मंडळी, माळे साफ करताना खोकी उघडून बघा. सचिव माझ्याकडे रागाने बघतायत, कारण भंगार काढण्याचं परिपत्रक त्यांचंच आहे.

सीडी मिळाली, पण गेम चालेना. का चालेना, ते थोडक्यात सांगतो, म्हणजे कोणाकडे असा जुना खजिना असेल तर उपयोग होईल. हे जुने प्रोग्रॅम १६ बिटचे. आजचं ६४ बिटचं विंडोज ते चालवतच नाही. त्यावर उपाय म्हणजे डॉसबॉक्स नावाचा प्रोग्रॅम. २००२ पासून आहे आणि मोफत आहे. तो आपल्या नव्या कॉम्प्युटरच्या पोटात एक जुना कॉम्प्युटर उभा करतो. खोटा, पण गेमला खरा वाटणारा. त्यात वेगही कमीजास्त करता येतो. कंट्रोल आणि एफ ११ ने कमी, एफ १२ ने जास्त. हे महत्त्वाचं आहे, कारण ऐंशीच्या दशकातले काही गेम प्रोसेसरच्या वेगावरच पळायचे. मूळ पीसीचा वेग पाच मेगाहर्ट्झहूनही थोडा कमी. नव्या यंत्रावर ते असे सुसाट सुटतात की तुम्ही बोट उचलायच्या आत खेळ संपलेला असतो. आमच्या ४८६ वरचं टर्बो बटण त्यासाठीच होतं. नाव टर्बो, पण खरा उपयोग वेग कमी करायला.

दुसरी अडचण, राजपुत्र बुटका आणि जाडा दिसायला लागला. मला वाटलं, पंचवीस वर्षांत आपल्यासारखाच त्याचाही घेर वाढला. पण कारण वेगळं. तो गेम ३२० बाय २०० ठिपक्यांचा. जुन्या चौकोनी मॉनिटरवर ते ठिपके थोडे उभट पडायचे. आजच्या पडद्यावर ते अगदी चौरस पडतात, म्हणून चित्र दबतं. डॉसबॉक्समध्ये त्याची एक सेटिंग आहे, ती चालू केली की राजपुत्र पुन्हा सडपातळ. आपल्यासाठी अशी सेटिंग नाही.

तिसरी अडचण. शिफ्ट पाच वेळा दाबली की विंडोज मध्येच एक चौकट आणतं, ‘स्टिकी कीज चालू करू का?’ या गेममध्ये तर शिफ्ट सतत दाबायची. ऐन कड्यावर लटकलेला असताना चौकट यायची आणि राजपुत्र खाली. मी वैतागून ती सोय कायमची बंद केली. दोन दिवसांनी दादाच्या टेबलाशी बसलो होतो. तो डाव्या हाताच्या एका बोटाने बँकेचा पासवर्ड टाकत होता. मोठं अक्षर हवं होतं. शिफ्ट दाबायची आणि त्याच वेळी दुसरी कळ दाबायची, हे एका बोटाने कसं होणार? तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती चौकट ज्यांना दोन कळा एकदम दाबता येत नाहीत त्यांच्यासाठी आहे. शिफ्ट एकदा दाबून सोडली तरी ती दाबलेली धरते. जी सोय मी शिव्या देऊन माझ्याकडे बंद केली, ती दादाच्या कॉम्प्युटरवर चालू करून दिली. आपल्यातल्या ज्येष्ठांनाही तिचा उपयोग होईल. कोणाला हवी असेल तर सांगा, दोन मिनिटांचं काम आहे.

मग एका रविवारी लॅपटॉप घेऊन दादाकडे गेलो आणि काही न बोलता गेम लावला. ती वाळूच्या घड्याळाची सुरुवात. आई आतल्या खोलीत होती. आता तिला ऐकू कमी येतं. तरी ती बाहेर आली आणि म्हणाली, ‘हा अजून जिवंत आहे?’

दादाचा डावा हात सवयीने बाणांकडे गेला. मी म्हणालो, नाही, या वेळी बाण माझ्याकडे. शिफ्ट तुझी. आणि उजव्या हाताने. तो म्हणाला, ‘डोकं फिरलंय का? हा ऐकत नाही.’ मी म्हटलं, एकच कळ आहे, दाबायची आणि सोडायची. चेंडूपेक्षा तरी बरी. आणि इथे नव्या यंत्राचा एक फायदा झाला. आजच्या कॉम्प्युटरला दोन कीबोर्ड जोडले तरी दोन्ही एकदम चालतात. ४८६ ला एकच जोडता यायचा आणि आम्ही त्याच्यासाठी कोपरं मारायचो. मी दादाच्या मांडीवर उशी ठेवली, त्यावर दुसरा कीबोर्ड, आणि त्याची बोटं शिफ्टवर.

पहिले काही रविवार राजपुत्र नुसता पडत होता. मी उडी मारायचो, हात कड्याला पोचायचा, आणि दादाची शिफ्ट पाव सेकंद उशिरा यायची. पण जुनं भांडण परत आलं हो! ‘तू लवकर उडी मारलीस.’ ‘तू उशिरा दाबलंस.’ हे वाक्य मी आजारी माणसाला बोललो, आणि बोलून गेल्यावर जीभ चावली. दादा मात्र हसला. झटक्यानंतर त्याच्याशी कोणी भांडलंच नव्हतं.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. गेममुळे हात बरा झाला असं मी म्हणत नाही. हात सुधारला तो औषधांनी, ताईंच्या मेहनतीने आणि दादाच्या व्यायामाने, आणि अजून पूर्ण सुधारलेला नाही. गेममुळे एवढंच झालं की रविवारी संध्याकाळी दादा तो हात स्वतः उचलून उशीवर ठेवायला लागला.

आम्ही पहिल्या लेव्हलपासून सुरुवात केली नव्हती. मे २००० ची ती सेव्ह केलेली फाइल उघडली होती. बारावी लेव्हल, नऊ मिनिटं. एकोणीस वर्षांच्या दादाने जिथे सोडलं होतं तिथून. सीडीवरून उतरवलेल्या फाइलला ‘फक्त वाचण्यासाठी’ अशी खूण होती, त्यामुळे तिच्यावर नवीन काही लिहिलं जात नव्हतं. ती खूण काढणं सोपं होतं. आम्ही काढली नाही. दर रविवारी तीच नऊ मिनिटं.

सावलीशी लढाई सुरू झाली. मी पुढे सरकलो, दादाने वार केला. वार बसला. पुन्हा वार, पुन्हा बसला. आणि दादा म्हणाला, ‘थांब. मारू नको. आपल्यालाच लागतंय.’ खरंच. सावलीला घाव बसला की पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात राजपुत्राचाच जीव कमी होत होता. मी म्हटलं, हे तेव्हा का नाही दिसलं? दादा म्हणाला, ‘तेव्हाही लागतच होतं. आपण बघायला थांबलोच नाही.’

त्याने शिफ्टवरची बोटं उचलली. मी खालचा बाण दाबला. राजपुत्राने तलवार म्यान केली. समोर सावलीनेही केली. मग मी सरळ तिच्याकडे चालत गेलो. एक लखलखाट झाला, आणि दोघांचा एक झाला. पुढे मोठी दरी होती, पूल नव्हता. आता एक झालेला राजपुत्र पुढे धावला, तशा पायाखाली एकेक फरशी उमटत गेली.

दादा बराच वेळ पडद्याकडे बघत होता. मग खाली, उशीवरच्या त्या हाताकडे. काही बोलला नाही. पण त्या दिवसानंतर मी त्याच्या तोंडून ‘हा’ ऐकलं नाही. आता तो ‘माझा हात’ म्हणतो.

त्या दिवशी जाफरने आम्हाला मारलं. पुढच्या रविवारीही मारलं. मार्च महिन्यात एका संध्याकाळी, दोन मिनिटं शिल्लक असताना, दादाच्या शिफ्टने शेवटचा वार केला आणि जाफर पडला. दरवाजा उघडला. राजकन्या उभी होती. दोघांची गळाभेट, एक पांढरा उंदीर धावत येतो, थोडं संगीत, आणि संपलं. पंचवीस वर्षांच्या प्रतीक्षेनंतर अर्ध्या मिनिटाचा शेवट. दादा म्हणाला, ‘एवढंच?’ आई म्हणाली, ‘आता तरी जेवायला बसा.’

जेवताना दादा डाव्या हाताने चमचा धरून जेवत होता. मध्येच थांबून म्हणाला, ‘ते शेवटच्या लेव्हलचं झालं. पण सगळा गेम साठ मिनिटांत? पहिल्यापासून?’

तर सध्या आम्ही पहिल्यापासून खेळतोय. सहाव्या लेव्हलपर्यंत पोचलोय, पस्तीस मिनिटं शिल्लक आहेत. या वेळी मात्र गेमचे हक्क आजही जिवंत आहेत हे मला माहीत आहे, म्हणून ‘कुठूनही उतरवून घ्या’ असं मी मुलांना सांगणार नाही. तुम्ही घरी या. दर रविवारी संध्याकाळी सहा वाजता, तिसरा मजला. मागे उभं राहायला जागा आहे, आणि एका अनुभवी पंचाची सोय समितीतूनच होईल. लिफ्ट आता चालू आहे.

दादा तिसऱ्या रांगेत बसलाय. मघाशी मी व्यासपीठावर येताना त्याने टाळ्या वाजवल्या. दोन्ही हातांनी.